पाच प्लायचा खोका बसला की शिव्या कोणाला? (सिंगल फेसरवरून)

दोनप्लाय | रविवार, रात्री १०:५०

शेजारच्या द्राक्षांच्या धाग्यावर परवा कोणीतरी लिहिलं, "बॉक्सवाले सगळे चोर. गाडी मार्केटला पोचेपर्यंत खालचे दोन थर बसलेले." तिथे उत्तर दिलं तर छाटणी-फवारणीच्या चर्चेचा विचका होईल, म्हणून इथे वेगळा धागा काढतोय.

मी सिन्नरला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात सिंगल फेसर चालवतो. एकोणीस वर्षं झाली. त्यातली पहिली तीन हेल्पर म्हणून रीलं ढकलण्यात गेली. शिक्षण बारावी नापास, आयटीआय वगैरे काही नाही. जे शिकलो ते एका उस्तादाच्या हाताखाली, तेही निम्मं शिव्या खाऊन.

ज्यांनी आतलं काम पाहिलं नाही त्यांनी घरातल्या एखाद्या खोक्याची कापलेली कड बघा. सरळ कागद, मधे नागमोडी, परत सरळ. ती नागमोड म्हणजे फ्लूट. माझं मशीन तेवढंच करतं. दोन दातेरी लोखंडी रोल एकमेकांत गुंतून फिरतात, आतून वाफेवर तापलेले, १६०-१७० अंशांच्या घरात. कागद त्यांच्यातून जाताना वळ्या पडतात. वळ्यांच्या शेंड्यांना गमचा रोल टेकतो आणि समोरून आलेला सरळ कागद प्रेशर रोल त्यांच्यावर दाबून बसवतो. बाहेर पडतं ते टू-प्लाय. असे दोन टू-प्लाय आणि वर एक सरळ कागद पेस्टिंगला चिकटवले की झाला पाच प्लाय. पुढे रोटरीवर कडा आणि घडीच्या रेघा, मग छपाई, स्लॉटिंग, पिना, गठ्ठे.

ऐकायला सोपं आहे. मशीन एकच असतं हो, कागद रोज वेगळा येतो. आमचा बहुतेक क्राफ्ट, म्हणजे खोक्याचा तपकिरी कागद, वापी आणि मोरबीकडच्या मिलांचा, रद्दीपासून केलेला. रीलवर लिहिलेलं असतं १५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), २० बीएफ (फुटायची ताकद), पण त्या रीलचा स्वभाव कोणी लिहून देत नाही. एका कडेला ओलसर आणि दुसऱ्या कडेला कोरडं असं रील लागलं की कागद एका बाजूने ढिला पळतो आणि वळी तिरपी पडते. ट्रकमधून उतरवताना क्लॅम्पने दाबून चपटं झालेलं रील दर फेऱ्याला एक हिसका देतं. रद्दीतली पिन कागदात राहून गेली असेल तर ती थेट रोलच्या दातात जाते. पावसाळ्यात गोडाऊनच्या फरशीवर उभ्या ठेवलेल्या रीलची खालची बाजू ओल पिते. वरून हात लावला तर कळतही नाही.

नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी आयोडीन दाखवतो. औषधाच्या दुकानातलं, जखमेवर लावायचं तेच, पाण्यात थोडं पातळ करून. टू-प्लायचा हातभर तुकडा घ्यायचा, सरळ कागद हळूच सोलायचा आणि वळ्यांवर आयोडीन पुसायचं. आमचा गम मक्याच्या स्टार्चचा, त्यामुळे जिथे गम लागलाय तिथे निळ्याकाळ्या रेघा उमटतात. सगळ्या रेघा एकसारख्या, साधारण काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड दिसल्या तर रात्री झोप लागते. मधेच रेघ फिकट झाली तर गमचा रोल एका बाजूने उचललाय. रेघा जाड आणि दुहेरी दिसल्या तर गम जास्त होतोय आणि बोर्ड ओला राहणार. सोलताना कागदाचे तंतू फाटून आले तर चिकटलं. गमची पापडी सुटून आली तर ते नुसतं चिकटल्यासारखं दिसतंय, चार दिवसांनी प्लाय उघडणार.

हे सगळं पोटतिडकीने लिहितोय, कारण खोका बसला की पहिला फोन मालकाला जातो, मालकाचा सुपरवायझरला आणि सुपरवायझरचा मला. त्यानंतरचा फोन करायला मला कोणी उरत नाही. विचारा काय विचारायचं ते.

वळचण | रविवार, रात्री ११:२०

झकास! आयोडीनचा प्रयोग सातवीत बटाट्यावर केला होता, त्याचा उपयोग आज कळला.

अवांतर: नागमोडी कागदाचं पहिलं पेटंट १८५६ मध्ये इंग्लंडात निघालं, तेही टोपीच्या आतल्या पट्टीसाठी. उंच टोप्यांत घाम टिपायला आणि हवा खेळायला. बाटल्या गुंडाळायला तो वापरायचं अमेरिकेत १८७१ मध्ये सुचलं आणि त्याला सरळ कागदाचं अस्तर लागलं १८७४ मध्ये. म्हणजे तुमचा टू-प्लाय दीडशे वर्षांचा झाला.

बागायतदार_निफाड | सोमवार, सकाळी ६:१५

ते "चोर" मीच लिहिलं होतं. मागे घेत नाही.

भाऊ, तुमचं काम कष्टाचं आहे, मान्य. पण मी पाच प्लायचे पैसे मोजले. चार किलोचा माल, खोके गाडीत आठ थर. मध्य प्रदेशात गाडी उतरवली तेव्हा खालच्या दोन थरांचे खोके पोटातून फुगलेले, मण्यांचा रस बाहेर. व्यापाऱ्याने पट्टी कापली. वर्षभर बाग सांभाळायची, अवकाळीतून वाचवायची आणि शेवटी पुठ्ठ्याने मारायचं? फोटो टाकलेत, बघा.

रोटरीचा_राजा | सोमवार, सकाळी ९:०२

दोनप्लाय मामा, उस्तादांच्या शिव्यांवर एक वेगळा धागा होऊन जाऊ द्या. आमचे उस्ताद पाना फेकायचे. नेम चुकला तर वर आम्हालाच आणून द्यायला लावायचे.

दोनप्लाय | सोमवार, दुपारी ४:४०

पहिली पाळी संपवून आलो. बागायतदार साहेब, फोटो मोठे करून बघितले.

दुसरा फोटो बघा. गाडीत तुमचे खोके विटा रचल्यासारखे लावलेत, एक थर उभा, त्याच्यावरचा आडवा. भिंतीला ते बरोबर आहे, खोक्याला नाही. खोका चार कोपऱ्यांवर उभा असतो. कोपऱ्यावर कोपरा आला तर वजन सरळ खाली उतरतं. वरच्याचा कोपरा खालच्याच्या भिंतीच्या मधोमध आला की ती भिंत पोटातून फुगते. अशा रचनेत खोक्याची निम्म्याच्या आसपास ताकद वाया जाते. हमालांना हीच रचना आवडते, कारण थप्पी हलत नाही.

दुसरं, तुमचा माल प्रीकूलिंगमधून निघालेला असणार. कोल्डरूममध्ये हवा ९० टक्क्यांच्या आसपास दमट. पुठ्ठा म्हणजे शेवटी कागदच, तो ओल पितो आणि मऊ पडतो. त्या हवेत मुरलेल्या खोक्याची उभी ताकद कोरड्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी राहते. त्यात थंड खोका बाहेरच्या उन्हात काढला की अंगावर पाणी सुटतं ते वेगळंच.

तिसरं, हवेसाठी पाडलेली भोकं. एक भोक कोपऱ्याला अगदी खेटून आहे. ते कोपऱ्यापासून लांब घ्यायला हवं होतं. ही चूक आमच्याकडची, म्हणजे तुमच्या बॉक्सवाल्याकडची.

बागायतदार_निफाड | सोमवार, रात्री ८:३०

म्हणजे दोन चुका माझ्या आणि एक त्याची. छान वाटणी केलीत. तुम्ही पण बॉक्सवालेच शेवटी.

खोकेवाला | सोमवार, रात्री ९:१०

मालकाची बाजू मांडतो, दगड मारायचे असतील तर मारा. माझं छोटं युनिट आहे, नगर रोडला.

शेतकरी, व्यापारी, एक्सपोर्टर, सगळ्यांचा पहिला प्रश्न "रेट काय?" आणि दुसरा "अजून आठ आणे कमी करा ना." खोक्याच्या किमतीत निम्म्याहून जास्त पैसा नुसत्या कागदाचा. कमी कशातून करायचं? लाइटबिलातून? त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून खोक्यावर जीएसटी ५ टक्के आणि क्राफ्ट कागदावर १८. ऐकणाऱ्याला वाटतं स्वस्त झालं. कागद घेताना १८ भरतो, खोका विकताना ५ गोळा करतो, मधला पैसा परताव्यात अडकतो आणि गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देतं. मिलवाला उधार ठेवत नाही.

आणि दोनप्लाय, तुमच्यासारखा ऑपरेटर मिळाला तर डोक्यावर बसवीन. आमच्याकडे पोरं सहा महिने शिकतात आणि गाड्यांच्या कंपनीत कंत्राटावर निघून जातात.

पिनवाली | सोमवार, रात्री ९:५५

खोकेवाला साहेब, डोक्यावर बसवू नका, मस्टरवर नीट लिहा.

मी स्टिचिंगवर ११ वर्षं आहे. पायाने पॅडल, हाताने खोका सरकवायचा, एका कडेला सहा-सात पिना, शेवटची पिन कडेच्या अगदी जवळ पण बाहेर नको. तार कधी बदलायची ते मी ठरवते, पिन वाकडी पडायला लागली की हेड मी सेट करते, नव्या पोरी मी तयार करते. पण मस्टरवर मी अजून "हेल्पर". शेजारच्या मशीनवर दोन वर्षांपूर्वी आलेला मुलगा "ऑपरेटर". विचारलं तर म्हणाले, बायकांना ऑपरेटर लिहायची पद्धत नाही आपल्याकडे. हे मी कोणत्या कागदावर वाचू?

मंजूषा_१८ | सोमवार, रात्री १०:०५

पिनवाली ताई, शेवटच्या वाक्याला सलाम. समान काम, समान वेतन हा कायदा १९७६ सालीच आला आपल्याकडे. हुद्द्याचं नाव बदलून पगार कमी ठेवणं ही त्यातली जुनीच युक्ती.

शाईचा_डाग | मंगळवार, दुपारी १:१५

मी वह्यांच्या कारखान्यात होतो, भिवंडीकडे. आधी रूलिंगवर, नंतर कटिंगला. तुमच्याकडे द्राक्षांचा आणि आंब्याचा सीझन, आमच्याकडे शाळेचा. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रविवार नावाचा वार नसायचा.

धाग्यात अजून बोटांचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो. कटिंग मशीनला दोन बटणं असतात, लांब लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं खाली येतं. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे पात्याखाली हात असूच शकत नाही. साधी, शहाणी सोय. मे महिन्यात माल निघत नव्हता म्हणून एका बटणात कोणीतरी खोडरबर कोंबून ठेवलं, म्हणजे एका हाताने कागद सारखा करायचा आणि दुसऱ्याने बटण. सगळ्यांना माहीत होतं. सुपरवायझर तिथून रोज जायचा. तिसऱ्या दिवशी माझ्या जोडीदाराची दोन बोटं गेली. साहेब आले तेव्हा पहिली गोष्ट झाली ती म्हणजे ते खोडरबर गायब झालं. रिपोर्टात "कामगाराचा निष्काळजीपणा".

मी त्यानंतर दोन महिन्यांनी सोडलं. आता रिक्षा चालवतो.

रोटरीचा_राजा | मंगळवार, दुपारी २:४०

हे वाचून हात आपोआप खिशात गेले.

दोनप्लाय | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

शाईचा_डाग, तुमच्या जोडीदाराला ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, काही मिळालं का? कामावरच्या अपघातात घरी बसावं लागलं तर पगाराच्या ९० टक्के मिळतात आणि त्याला किती महिने वर्गणी भरली याची अट नसते. बोट कायमचं गेलं तर किती कमाई बुडाली ते ठरवून पुढे पैसे चालू राहतात. पण अपघात झाल्याची नोंद कारखान्याने करायला हवी, आणि घोडं तिथेच अडतं.

माझंही सांगून टाकतो. २०११ चा पावसाळा, रात्रपाळी, पहाटेचे साडेतीन. प्रेशर रोलला गमची गाठ चिकटली होती, दर फेऱ्याला बोर्डावर खड्डा पडत होता. मशीन थांबवलं तर रोल निवतात, परत तापेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात आणि सकाळी त्याचा हिशोब द्यावा लागतो. म्हणून चालत्या मशीनवर फडक्याने पुसायला गेलो. फडकं ओढलं गेलं, त्याच्यामागे हातमोजा. मोजा दोन नंबर मोठा होता म्हणून हात त्यातून निसटला. मापाचा असता तर आज एका हाताने टाइप करत असतो. मनगटापासून वीतभर भाजलं, तो डाग अजून पिठासारखा पांढरा आहे. मोजा रोलमधून पलीकडे गेला आणि टू-प्लायमध्ये चिकटून बाहेर आला, पाचही बोटं पसरलेला, इस्त्री केल्यासारखा. तो तुकडा मी कापून घेतला. अजून लॉकरमध्ये आहे. कोणी पोरगं फडकं घेऊन चालत्या रोलकडे निघालं की तोंडाने काही बोलत नाही, तो तुकडा आणून दाखवतो.

त्या रात्री मला कोणी "चालत्यावर पुस" असं सांगितलं नव्हतं. हेही खरं. सांगावं लागत नाही.

आणि ईएसआयसीचं म्हणाल तर गेल्या वर्षी माझा पगार २१ हजारांच्या वर गेला. पगारवाढीचे पेढे वाटले. सहा महिन्यांनी बायकोच्या गुडघ्यासाठी गेलो तर कार्ड बंद. २१ हजारांच्या वर तुम्ही योजनेत बसत नाही. पेढे महागात पडले.

हाम्बुर्गकर | मंगळवार, रात्री ११:३०

उशिरा आलो धाग्यावर. मी जर्मनीत कोरुगेटेड बोर्डाच्या प्लांटला मेंटेनन्समध्ये आहे. इथली लाइन अडीच मीटर रुंद, मिनिटाला ३०० मीटरच्या वर पळते. दोनप्लाय, तुमची किती?

इथे एक रील संपायच्या आत दुसरं आपोआप जोडलं जातं, मशीन थांबत नाही. ऑपरेटर काचेच्या केबिनमध्ये, समोर स्क्रीन. गार्ड उघडलं की मशीन बंद, रबर कोंबायला बटणच नाही. पण गंमत सांगतो. बोर्ड वाकायला लागला की केबिनमधला म्हातारा ऑपरेटर बाहेर येतो, एक शीट उचलतो, हातात वाकवतो, कानाजवळ टिचकी मारतो आणि परत जाऊन दोन आकडे बदलतो. सेन्सर कितीही असोत.

इथे या कामाचं रीतसर तीन वर्षांचं शिक्षण आहे, 'पाकमिटेलटेक्नोलोगे' म्हणतात. थोडा वेळ शाळा, बाकीचा कारखाना, शिकतानाही पगार. आपल्याकडे मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग १९६६ पासून आहे, पण तिथून शिकून आलेले ऑफिसात बसतात. मशीनवर उभा राहणारा कुठे शिकतो?

दोनप्लाय | बुधवार, सकाळी ५:०५

हाम्बुर्गकर, आमची ५० मीटर, तीही कागदाच्या मूडवर. रील जोडायला मी आणि एक हेल्पर, चिकटपट्टी, आणि देव.

टिचकीचं वाचून बरं वाटलं. आम्ही पण तेच करतो. सुक्या बोर्डाचा आवाज पापडासारखा, ओल्याचा लादीपावासारखा. बोर्ड वाकतो त्याचा नियम सोपा आहे: ज्या बाजूचा कागद चिकटवताना जास्त ओला, तो वाळताना जास्त आकसतो आणि बोर्ड त्याच बाजूला वळतो. मग त्या बाजूचा कागद तापल्या सिलिंडरवरून थोडा जास्त फिरवून आणायचा किंवा गम कमी करायचा. नवशिका नेमकं उलटं करतो. सुटेल या भीतीने गम वाढवतो, बोर्ड अजून ओला, अजून वाकडा, मग अजून गम. मी स्वतः अख्खी पाळी अशी वाया घालवलीय. ते सगळं बोर्ड रद्दीत गेलं.

शिकतो कुठे? उन्हाळ्यात गमच्या टाकीचा आंबूस वास यायला लागला की गम उतरला हे कोणत्या शाळेत शिकवणार? पण शाळा असती तर पिनवाली ताईंच्या हातात एक कागद असता. मस्टरवाल्याच्या टेबलावर आपटायला.

निघतो, पहिली पाळी आहे.

बागायतदार_निफाड | बुधवार, दुपारी १२:२०

दोनप्लाय, राग नका मानू, पण तुमच्या तीन मुद्द्यांवर माझं समाधान झालं नाही. मागच्या वर्षी पण असेच रचले होते, तेच कोल्डरूम, तोच हमाल. तेव्हा एकही बसला नाही. बॉक्सवाला तोच. मग यंदा काय बदललं?

दोनप्लाय | बुधवार, दुपारी ४:५०

प्रश्न बरोबर आहे. डिजिटल काटा आहे का घरी? एक रिकामा, कोरडा खोका ठेवा त्याच्यावर. एक-दोन दिवस घरात उघडा ठेवलेला घ्या, कोल्डरूममधला नको. खोक्याची मापं टाका. बिलावर कागदाचं काय लिहिलंय तेही टाका.

बागायतदार_निफाड | बुधवार, रात्री ८:१०

लांबी ४००, रुंदी ३००, उंची १३० मिलिमीटर. कोटेशनवर "५ प्लाय, वरचा १८०, बाकी सगळे १५० जीएसएम, २० बीएफ". पाच खोके मोजले. ४८६, ४९०, ४८२, ४८८, ४८५ ग्रॅम.

खोकेवाला | बुधवार, रात्री ८:४०

अरे देवा.

दोनप्लाय | बुधवार, रात्री ९:३५

खोकेवाला साहेबांना कळलं, बाकीच्यांसाठी हिशोब मांडतो. बारावीची परीक्षा परत दिल्यासारखं वाटतंय.

खोका उलगडला की त्याची एक सपाट शीट होते. तिची लांबी म्हणजे लांबी आणि रुंदीची दुप्पट, अधिक जोडायची पट्टी: १४०० आणि ४०, म्हणजे १४४० मिलिमीटर. दुसरी बाजू रुंदी अधिक उंची आणि घडीसाठी थोडं: ४४० धरा. क्षेत्रफळ ०.६३ चौरस मीटर. आता कागद. तीन सरळ, १८० आणि १५० आणि १५०, झाले ४८०. दोन वळ्यांचे १५०-१५०, पण वळ्या पडताना कागद जास्त लागतो, साधारण १.४ पट. ते झाले ४२०. एकूण ९०० ग्रॅम एका चौरस मीटरला. ०.६३ ने गुणा, ५७० ग्रॅमच्या आसपास. गम वेगळा, तो तर वजन वाढवणारच.

तुमचा भरला ४८६. वरचा १८० ठेवून बाकी चारही कागद १२० चे धरले तर गुणाकार ४८० च्या जवळ येतो. मिलचा कागद थोडा कमी-जास्त असतो, मला मान्य आहे. पण ८५ ग्रॅम "थोडा" नाही.

बिलाला २० बीएफ लिहिलं तरी ते इथे कामी येत नाही. बीएफ म्हणजे कागद फुटायला लागणारा दाब, त्याच्या वजनाच्या हिशोबात. २० बीएफचा १५० जीएसएम कागद चौरस सेंटिमीटरला ३ किलोला फुटतो, तोच १२० चा असला तर २.४ ला. बीएफ तेच आणि कागद पातळ. बीएफपुरतं कोणी खोटं बोललं नाही असंही म्हणता येतं, हीच तर मजा. आणि फुटण्याची ताकद वेगळी, थप्पीत उभं राहण्याची वेगळी. वळीचा कागद पातळ झाला की दुसरी जाते.

म्हणजे यंदा हेच बदललं. मागच्या वर्षीच्या खोक्याला चुकीची रचना, ओल, भोक, सगळं झेपलं, कारण अंगात ताकद होती. यंदाच्याला झेपलं नाही.

बागायतदार_निफाड | बुधवार, रात्री ९:५०

म्हणजे चोर हा शब्द बरोबरच होता.

दोनप्लाय | बुधवार, रात्री १०:२०

माणूस कोण ते चुकलं होतं.

आता जे लिहितोय ते लिहावं की नाही असा तासभर विचार केला. त्या मशीनवर जो कोणी उभा होता त्याला माहीत होतं. रील स्टँडवर चढवताना लेबल डोळ्यांसमोर असतं, १२० लिहिलेलं. हाताला कळतं, मशीनच्या आवाजाला कळतं, पातळ कागद वळीत वेगळा वाजतो. पण तुमच्या बिलावर काय लिहिलंय ते त्याला दिसत नाही. त्याच्याकडे येतं जॉबकार्ड. जॉबकार्डावर १२० असेल तर तो १२० लावतो. तुम्ही बिल बघता, तो रील बघतो, आणि ते दोन्ही एकत्र बघणारा एकच माणूस असतो.

माझ्याही हातून असे जॉब गेले असतील. असतील म्हणजे, गेलेत. एकदा विचारलं होतं, "हा नेहमीचा १५० चा जॉब आहे ना?" उत्तर आलं, "तू मशीन बघ." बघितलं मशीन.

खोकेवाला | बुधवार, रात्री ११:००

सगळे मालक असं करत नाहीत. पण करतात, हे मी नाकारणार नाही. मी रेट कमी करताना कोटेशनमध्ये जीएसएम कमी लिहितो आणि सही घेतो. त्यामुळे गिऱ्हाईकं गेली आहेत माझी, तुमच्या बॉक्सवाल्यासारख्यांकडेच गेली असतील.

बागायतदार, पुढच्या ऑर्डरला "प्लाय" आणि "बीएफ" विचारू नका. खोक्याचं वजन कोटेशनवर लिहून घ्या आणि माल उतरवताना गठ्ठ्यातले दहा काट्यावर ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

पिनवाली | गुरुवार, सकाळी ७:२५

पिन मारताना आम्हालाही कळतं. पातळ बोर्डात पिन खोल रुतते, दाब कमी करावा लागतो. आम्हाला तर जॉबकार्ड पण दाखवत नाहीत.

बागायतदार_निफाड | शनिवार, संध्याकाळी ७:४०

बॉक्सवाल्याकडे गेलो होतो काटा घेऊन. त्याच्याच टेबलावर खोका ठेवला. आधी म्हणाला हवामान, मग म्हणाला मिलने फसवलं, मग चहा मागवला. पुढच्या लॉटला फरक देतो म्हणालाय. लेखी घेतलं.

कारखान्यातून बाहेर पडताना मशीन बघायला मागितलं, नाही म्हणता आलं नाही त्याला. तुम्ही लिहिलंय तसंच, वाफ, आंबूस वास, कानठळ्या. मशीनवर पंचविशीचा पोरगा होता. मी त्याला विचारलं, आयोडीन लावून बघतोस का? तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, काका, तुम्ही कुठल्या कंपनीत होता?

दोनप्लाय | शनिवार, रात्री ११:१५

हा हा! सांगायचं ना, निफाडला सिंगल फेसरवर.

त्याचा हातमोजा मापाचा होता का, तेवढं बघितलंत?